तीन खोल्या आणि एक रिकामं पान

जून आला की लातुरात बादल्या उगवतात. परवापर्यंत जिथं कलिंगडांचे ढीग होते त्याच फुटपाथवर निळ्या, लाल, पोपटी बादल्यांच्या उतरंडी उभ्या राहतात. शेजारी प्लास्टिकचे मग, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, चिमटे, घडीची टेबलं आणि ताज्या पिंजलेल्या कापसाच्या एकेरी गाद्या. झेरॉक्सच्या दुकानातून तापल्या कागदाचा वास येतो. दहावीचा निकाल लागलेला असतो. नांदेड, हिंगोली, परभणीकडून, पार देवणीपलीकडच्या सीमेवरून आईबाप पोरापोरींना घेऊन उतरतात. हातात प्लास्टिकची फाईल असते आणि बसमधून पाय खाली टेकल्या टेकल्या पहिला प्रश्न असतो, लेकरू राहील कुठं?

काल आम्ही बसस्टँडवर आमचं बाकडं लावलं. आमची कंपनी छोटी आहे. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना खोली शोधून देणारं एक ॲप आम्ही चालवतो. मी तिथं डिझायनर आहे. म्हणजे कुणी फोनवर ‘मुलींसाठी खोली, डब्यासह’ असं शोधलं की पडद्यावर जे उत्तर येतं, ते कसं दिसावं, त्यात आधी काय यावं, मागं काय राहावं, हे मी ठरवतो. आमच्या सरांचा एक नियम आहे. ज्यानं जे पान बनवलं त्यानं जूनमध्ये बाकड्यावर बसायचं आणि लोक ते पान कसं वापरतात ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. ऑफिसातल्या गार हवेत बसून कुणाला काही कळत नाही, असं सर म्हणतात.

बाकड्यावर फडकं मारून मी माझी पिशवी डाव्या टोकाला ठेवली, आणि मग उचलून उजवीकडं ठेवली. डावीकडची जागा नसरीनची. ती आता हैदराबादला मोठ्या कंपनीत आहे. थंडीतच गेली. पण जागा अजून तिचीच वाटते, आणि तशी वाटते म्हणून मला तिचा रागही येतो.

राग हा शब्दही बरोबर नाही. मला तिचा हेवा वाटतो. बरोबरच्या माणसाबद्दल बोलताना लोक ‘आदर’ म्हणतात, आणि तो होताच, पण पहिल्या दिवसापासून मला आधी टोचला तो हेवा. जीभ सारखी हलणाऱ्या दाताला जाऊन लागावी तसं माझं मन तिच्या कामाला जाऊन लागायचं.

आम्ही दोघं एकाच आठवड्यात कामाला लागलो. मी उमरीचा. माझी आई शाळेत खिचडी शिजवते. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि त्यात माझ्यापेक्षा दुसऱ्यांचा वाटा जास्त आहे. एका मास्तरांनी शाळेतला संगणक सुट्टीतही उघडून दिला, कुणी जुनी पुस्तकं दिली, कुणी नुसतं ‘शिक रे’ म्हणून पाठीवर हात ठेवला. हे सगळं मी विसरत नाही. म्हणूनच मी बनवलेलं पहिलं पान असं भरगच्च होतं.

एक खोली मागितली की माझं पान शंभर दाखवायचं. प्रत्येक खोलीचा फोटो, चांदण्या, लाल बदाम, रंगीत पट्ट्या. खाली सरकत जा, संपायचंच नाही. माझ्या लहानपणी निवड करण्यासारखं काही समोर नसायचं. शाळेचा सदरा एक, चप्पल एक, आणि ती जी असेल ती. त्यामुळं मला मनापासून वाटायचं, मागणाऱ्यापुढं सगळं मांडावं, यात त्याचा मान आहे. लग्नात पंगतीला पानभर वाढतात तसं. सर म्हणाले, “छान भरलंय.” मी त्याच दुपारी आईला फोन करून सांगितलं. तिला पान म्हणजे काय ते कळलं नाही, पण ती म्हणाली, “भरलं म्हनले न? मंग झालं.”

मग बाकडं लागलं. पहिल्याच दिवशी एक बाप माझं पान बघत बसला. अंगठ्यानं वर ढकलायचा, पुन्हा ढकलायचा. मी कौतुकानं बघत होतो. नसरीन माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, “मिलिंद, तो वाचून नाही राहिला रे. नुसता ढकलून राहिला.”

थोड्या वेळानं त्या माणसानं फोन तिच्या हातात दिला. “तुमीच सांगा बाई, कोन्ती घेऊ? मला तं समद्या सारख्याच दिसून राहिल्या.”

आठवड्याभरानं नसरीननं तिचं पान आणलं. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीनं काढायची तिची सवय होती. त्या पानावर फक्त तीन खोल्या होत्या. चांदण्या नाहीत, बदाम नाहीत. प्रत्येक खोलीखाली दोन साधी वाक्यं. ‘कॉलेज चालत दहा मिनिटं. नळाला पाणी आठवड्यातून एकदा.’ ‘मालकीण कडक आहे, पण पोरगी आजारी पडली तर पेज करून देते.’ ‘खोली लहान, खिडकी मोठी, समोर खानावळ.’

“वाईट पण लिहायचं?” मी विचारलं.

“वाईट लिहिल्याशिवाय चांगल्यावर कोण भरोसा ठेवील?” ती म्हणाली.

सरांनी तो कागद बराच वेळ हातात धरला आणि एवढंच म्हणाले, “हे लावा.” भरलंय म्हणाले नाहीत, छानही म्हणाले नाहीत. त्या ‘हे लावा’साठी मी नंतर किती महिने झुरलो ते मलाच माहीत.

मी तिच्यावर मात करायला निघालो. तिनं तीन दाखवल्या, म्हणून मी दोन दाखवणारं पान केलं. सरांनी विचारलं, “दोन का?” खरं उत्तर ‘कारण तिनं तीन केल्या’ हे होतं, आणि ते सांगता येत नव्हतं. मग मला तिच्या बारीकसारीक गोष्टी खुपू लागल्या. बशीत ओतून चहा पिणं खुपायचं. प्रत्येक अनोळखी बाईला ‘आपा’ म्हणून जिंकणं खुपायचं. चुकली की सगळ्यांदेखत “अरे, गधेपणा झाला माझा” म्हणून हसायची, ते तर सगळ्यात जास्त. मला चुकणं असं हसून पेलत नव्हतं. घरात पहिल्यांदा शिकलेल्या माणसाला प्रत्येक चूक गावापर्यंत पोचेल असं वाटतं.

तिच्यात हे कुठून आलं ते मला नांदेडला कळलं. कंपनीच्या कामाला आम्ही गेलो होतो आणि ती मला तिच्या अब्बांच्या दुकानात घेऊन गेली. जुन्या नांदेडातलं चष्म्याचं दुकान, तिच्या आजोबांपासूनचं. आत लाकडी पेटीत मखमलीच्या खाचांमध्ये गोल काचा उभ्या लावलेल्या. भिंतीवर मराठी अक्षरांचा तक्ता, शेजारी उर्दूचा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी नुसत्या तीन दातांच्या खुणा. दात कुठल्या बाजूला आहेत ते बोटानं दाखवायचं.

खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते, नाकावर ती तपासायची जड गोल फ्रेम. तिचे अब्बा एक काच घालायचे, काढायचे, दुसरी घालायचे.

“आता बरं की आधी बरं?”

“आता.”

“आता बरं की आधी?”

“आधीच बरं व्हतं जरा.”

“मग हे?”

“हाव, हाव! आता तुमची मिशी दिसली.”

दुकानातले सगळे हसले. मी मात्र हसायचं विसरलो होतो. त्यांनी त्या म्हाताऱ्याला एकदाही विचारलं नाही की तुम्हाला कसला चष्मा पाहिजे. फ्रेम दाखवायची वेळ आली तेव्हा भिंतभर फ्रेमी लटकत असताना त्यांनी तीनच काढून पुढं ठेवल्या. मी कारण विचारलं. ते काच पुसत म्हणाले, “बेटा, ज्याला दिसत नाही तो काय सांगणार काय पाहिजे ते? दोनातलं बरं कोणतं एवढंच त्याला सांगता येतं. म्हणून काचा दोन. आणि फ्रेम तीन, कारण घरी गेल्यावर बायको विचारते, दुसरी नव्हती का.”

मला तेव्हा काय वाटलं ते आजही नीट सांगता येणार नाही. ही मुलगी या स्टुलावर बसून, गृहपाठ करता करता, विचारायला आलेल्या माणसाला उत्तर कसं द्यायचं ते रोज ऐकत मोठी झाली होती. आमच्या घरी विचारायला कुणी यायचं नाही. आम्हीच विचारत फिरायचो.

परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, “तुझं बरं आहे. तुला घरातच मिळालं सगळं.”

“काय मिळालं?”

“हेच. बापाकडून.”

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “तुला काहीच नाही का मिळालं कुणाकडून?”

“नाही,” मी म्हणालो. माझ्या कृतज्ञतेच्या एवढ्या गोष्टी, आणि त्या क्षणी मी ‘नाही’ म्हणालो.

पुढच्या जूनआधी सरांनी कामं वाटली. मुख्य पान नसरीनचं. मला उरलेलं पान मिळालं. शोधल्यावर एकही खोली सापडली नाही तर जे दिसतं ते. ‘छोटंसंच आहे, करून टाक,’ सर म्हणाले. मी चहा निवेपर्यंत करून टाकलं. तयार चित्रांतून एक भिंग उचललं, त्याला दोन डोळे होते आणि एका डोळ्यात थेंब. खाली लिहिलं, ‘काहीही सापडले नाही.’ तिला शंभरातल्या तीन निवडायला, आणि मला काहीच नाही ते दाखवायला, असं मनात म्हणत मी ते पाठवून दिलं.

तो जून. उकाडा असा की बाकड्याचं लोखंड मांडीला सोसत नव्हतं. दुपारी हिमायतनगरची एक बाई आली, बरोबर मुलगी. मुलीचं नाव प्रतीक्षा. तिला इथल्या कॉलेजात अकरावीला जागा मिळाली होती आणि दुसऱ्या दिवशी कागदपत्रं द्यायची होती. राहायची सोय झाली तरच आई तिला ठेवणार होती, नाहीतर परत नेणार होती. बाईच्या हातात झाकणाची लाल बादली होती, नवी कोरी, अजून दुकानाची चिठ्ठी चिकटलेली. खोली मिळायच्या आधीच तिनं बादली घेऊन ठेवली होती.

प्रतीक्षानं बाकड्यावरच्या फोनवर शोधलं. फक्त मुली. कॉलेजजवळ. डब्यासह. कमी भाडं. या चारही अटींत बसणारी एकही खोली त्या दिवशी नव्हती. माझ्या शेजारीच त्या बसल्या होत्या, पण मी दुसऱ्या कुणाला ॲप उतरवून देत होतो. कानावर मात्र सगळं येत होतं.

“काय म्हनून राहिलं गं ते?”

“काहीही सापडले नाही.”

“आन् ह्येनं डोळ्यात पानी कशाला आनलं?”

बाई थोडा वेळ त्या रडक्या भिंगाकडं बघत राहिली. मग उठली, बादलीची कडी मनगटात अडकवली. “चल माय,” ती म्हणाली. “न्हाई म्हनलेत.”

कुणीही काही म्हटलं नव्हतं. पण माझ्या आईनंही अगदी असंच ऐकलं असतं, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण माझं लक्ष डाव्या टोकाकडं होतं. नसरीनभोवती गर्दी होती. तिचं पान बघून लोक माना डोलवत होते.

तिनंच मान वर करून विचारलं, “त्या बादलीवाल्या मावशी कुठं गेल्या?”

“गेल्या. तुझ्या तीन खोल्यांत त्यांचं काही बसलं नाही.”

त्या वाक्याची चव मला अजून आठवते. गोड होती. तिचं पान कुणाच्या तरी कामाला आलं नाही, हे मला बरं वाटलं. एक मुलगी परत चालली होती, आणि मला बरं वाटलं.

नसरीननं फोन उचलला, बघितला, आणि पडदा माझ्याकडं वळवला. तिचं पान तिथं आलंच नव्हतं. पडद्यावर माझं भिंग रडत होतं.

आणि मग मला माझा जून आठवला. मी अकरावीला इथंच आलो होतो, आईबरोबर. एका दारावर पाटी होती, ‘खोली भाड्याने देणे आहे.’ मालकानं नाव विचारलं. मग गाव विचारलं. मग आडनाव. आडनाव ऐकून तो म्हणाला, “खोली नाही.” पाटी त्याच्या डोक्यावरच लटकत होती. आईला वाचता येत नाही, पण पाटी कसली आहे ते मी तिला आधीच वाचून दाखवलं होतं. ती वाद घालत बसली नाही. “न्हाई म्हनलेत,” एवढंच म्हणून तिनं गाठोडं उचललं. ‘खोली नाही’ म्हणजे ‘तुम्हाला नाही’, हे आमच्या लोकांना कुणी शिकवावं लागत नाही. आणि मी, त्याच दारातून परत फिरलेला, तेच वाक्य छापील अक्षरांत लिहून, वर चित्र लावून, हिमायतनगरच्या बाईच्या हातात दिलं होतं.

आम्ही पळालो. नांदेडची बस फलाटावरून मागं येत होती. नसरीननं पत्र्यावर थापा मारल्या. कंडक्टर दारातून ओरडला, “ओ मॅडम, एस्टी हाय ही, रिक्षा न्हाई, हात दावला की थांबायला!”

“थांबा हो काका, दोन मिनिटं. एका पोरीची अकरावी आहे.”

बस थांबली. खिडकीत बाई होती, मांडीवर बादली.

“मावशी, उतरा खाली,” नसरीन म्हणाली. “बघू आपण.”

“राहू द्या बाई. न्हाई म्हनले न ते.”

“कोण म्हणलं?”

“तुमचा फोन. त्येला समदं ठावं असतंय म्हनत्यात.”

नसरीन माझ्याकडं वळली. “मिलिंद, तू बोल.”

मला वाटलं होतं ती सांभाळून घेईल. तिला जमलं असतं. पण ती बाजूला सरकली आणि खिडकीखाली मी एकटा उरलो. सगळी बस बघत होती.

“मावशी,” मी म्हणालो, “फोन नाही म्हणला नाही. ते मी लिहिलंय. कोण वाचणार ते न बघता लिहिलंय.”

बाईनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. “तुमी कोन्चे?”

“उमरीचा.”

“उमरीचा हायस आन् असं लिवतोस व्हय रं?”

बसमधले दोघं-तिघं हसले. माझे कान तापले, पण तिनं मला अरे-तुरे केलं तेव्हा गावातल्या चुलतीनं रागवावं तसं वाटलं. मग खिडकीतून लाल बादली बाहेर आली. “धर,” ती म्हणाली. आणि मुलीला घेऊन उतरली.

नसरीन आणि मी त्यांना घेऊन खोली शोधायला निघालो, पण फोनवर नाही, मला माहीत असलेल्या एका गल्लीत. त्या दिवशी, माझ्या जूनमध्ये, पाटीवाल्या दारातून परतल्यावर आईनं पुढच्या गल्लीत एका शिंप्याला विचारलं होतं. मान खाली घालून ते मशीन चालवत होते. त्यांनी नाव-गाव काही विचारलं नाही. म्हणाले, “माझ्याकडं जागा न्हाई. पण चला.” सुईखाली झंपर तसाच अर्धा ठेवून, खडू कानामागं खोचून ते आमच्याबरोबर निघाले आणि दोन गल्ल्या पलीकडं एका निवृत्त नर्सबाईंच्या दारात आम्हाला उभं केलं. बाईंनी मला एकच विचारलं, “सकाळी कितीला उठतोस?” दोन वर्षं मी तिथं राहिलो. नाही, पण चला. एवढं साधं वाक्य मला मिळालेलं होतं, आणि बसमध्ये मी नसरीनला म्हणालो होतो, मला कुणाकडून काही मिळालं नाही.

शिंपी तिथंच होते, केस पिकलेले. त्यांनी मला ओळखलं नाही आणि मीही सांगितलं नाही. प्रतीक्षाकडं बघून ते म्हणाले, “इथं जवळपास तं न्हाई. चालती किती ही पोरगी?”

ती तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. “शाळेला रोज तीन किलोमीटर जायची. येतानी पन.”

“मंग काय चिंता? रेल्वे लाईनच्या पल्याड माझी मेव्हणी राहती. दोन पोरी हायतच तिच्याकडं.”

खोली मिळाली. लांब होती, वर पत्रा होता, पण मिळाली. बादलीवरची चिठ्ठी बाईनं नखानं खरवडून काढली, तेव्हा मला कळलं की आता ती मुलीला ठेवणार. परत येताना बघतो तर नसरीन पत्रिकेच्या पाठीवर काहीतरी लिहीत होती. मी डोकावलो. ‘किती चालाल?’ एवढंच होतं. आणि त्याही क्षणी, सगळं नीट झालेलं असताना, मला तिचा हेवा वाटला. जे मी इतकी वर्षं जवळ बाळगून होतो ते तिनं एका दुपारी उचललं होतं.

“दे तो कागद,” मी म्हणालो.

“घे की,” ती म्हणाली. “पान तुझंच आहे.”

त्या उरलेल्या पानाला मी आठ दिवस घेतले. भिंग काढलं. ‘काहीही सापडले नाही’ खोडलं. नवीन वाक्य लिहायचो आणि आईला फोनवर वाचून दाखवायचो. सरकारी कागदासारखं वाटलं की ती गप्प राहायची, आणि मी समजायचो. शेवटी राहिलं ते असं: ‘या चारही अटींत बसणारी खोली आज आमच्याकडे नाही. तुमच्याकडून काही चुकलेलं नाही.’ त्याखाली दोनच पर्याय, ‘थोडं लांब चालेल’ आणि ‘डबा बाहेरून चालेल.’ त्यातल्या एकावर बोट ठेवलं की नसरीनच्या तीन खोल्या समोर येतात. आणि सगळ्यात खाली: ‘तरीही नाही मिळाली तर बसस्टँडवरच्या बाकड्यावर या. आपण चालत शोधू.’

नसरीननं जुनं आणि नवं असे दोन कागद माझ्या डोळ्यांसमोर धरले होते. एक पुढं, मग दुसरा. “आता बरं की आधी बरं?” अगदी अब्बांच्या आवाजात. मी हसलो. सरांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, “आपण म्हणजे कोण?” मी म्हणालो, “त्या दिवशी बाकड्यावर जो असेल तो.” सर म्हणाले, “हे लावा.”

हवे होते ते दोन शब्द मिळाले. हेवा मात्र गेला नाही. एवढ्यानं जाईल असं मला वाटलं होतं.

आता मी एकटाच सगळी पानं बघतो. नवी मुलं येतात, भरगच्च पानं बनवून आणतात, आणि मला त्यांच्यात मी दिसतो. त्यांना मी एकदम काही सांगत नाही. जूनपर्यंत थांबतो. पूर्वी मला वाटायचं, शोधणाऱ्यापुढं आपण काय काय मांडलं यात आपली हुशारी आहे. नंतर वाटलं, काय वगळलं यात आहे. हल्ली मी एवढंच बघतो की पान वाचून माणूस उठला तर कुठल्या बाजूला चालायला लागला. गावातल्या गल्लीकडं की परतीच्या बसकडं.

प्रतीक्षाची बारावी यंदा झाली. मे महिन्यात घरी जाताना ती बाकड्याची चौकशी करत ऑफिसात आली आणि लाल बादली ठेवून गेली. झाकण हरवलंय. “कुनाला लागली तं द्या,” म्हणाली. काल मी ती बाकड्याखाली, डाव्या टोकाला ठेवली.

पडद्याकडं बघून बघून माझे डोळे दुखायला लागलेत. गेल्या आठवड्यात उमरीला जाताना नांदेडला उतरलो आणि त्या दुकानात गेलो. चाचांनी, म्हणजे नसरीनच्या अब्बांनी, ओळखलं. खुर्चीत बसवलं, ती जड गोल फ्रेम नाकावर ठेवली. काचा बदलता बदलता ते नसरीनचं सांगत होते. हैदराबादला तिच्या हाताखाली चारजण आहेत. मोठं ऑफिस आहे, लिफ्टला आरसा आहे. मी ‘हाव, हाव’ म्हणत होतो आणि आत हेव्याचा तो जुना दात हलत होता.

“सगळ्यांना सांगत फिरते,” चाचा म्हणाले, “जे करते ते अब्बांच्या दुकानातून शिकले. आता मी काय शिकवलं? मी चष्मे विकतो. आता बरं की आधी बरं?”

“आता.”

“एक सोडून, म्हणते. काही सापडलं नाही तर माणसाला काय सांगायचं, ते म्हणे दुकानात नव्हतं. ते उमरीच्या एका मुलाकडून घेतलं, म्हणते. नव्या ऑफिसात तेच पहिलं दाखवलं तिनं.” त्यांनी काच बदलली. “आता बरं की आधी?”

समोरच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ थोडा वेळ डुचमळली आणि मग थांबली. अक्षरं लख्ख दिसत होती. उठायला हरकत नव्हती.

“अजून एक दाखवा, चाचा,” मी म्हणालो, आणि त्या खुर्चीत तसाच बसून राहिलो.